झाकणाचं गाणं

मी अकरा वर्षं एका मोठ्या हॉटेलात सॅक्सोफोन वाजवला. त्या अकरा वर्षांत माझं वाजवणं सगळ्यात कान देऊन कोणी ऐकलं असेल, तर ते आतल्या स्वयंपाकघरानं. हे मी कौतुकानं सांगत नाही.

तेव्हा आमचं शहर औरंगाबादच होतं आणि वेरूळ-अजिंठा बघायला परदेशी पाहुण्यांच्या बसच्या बस यायच्या. दिवसभर लेण्यांत उन्हातान्हाचं फिरून ते संध्याकाळी परतायचे, अंघोळी उरकून जेवणघराशेजारच्या लॉबीत येऊन बसायचे. तिथं एका कोपऱ्यात साडेसात ते साडेनऊ मी उभा. अंगात हॉटेलचा काळा कोट. सोबतीला एक गिटारवाला होता. तो बापडा मी जिकडं जाईन तिकडं मुकाट यायचा. मॅनेजरनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "पाहुण्यांना बोलता बोलता ऐकू आलं पाहिजे, पण बोलणं थांबवावंसं वाटता कामा नये." म्हणजे लक्ष जाणार नाही असं वाजवायचा पगार. मी मान डोलावली. नोकरी हवी होती.

नोकरी हवी असण्याचं कारण माझे वडील. बिडकीनकडं आमची शेती, गावात मान. मी शिकायला शहरात खोली करून राहिलो, ती नेमकी एका बँडवाल्याच्या दुकानावर. खालचे उस्ताद क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन दोन्ही वाजवायचे. तरुणपणी ते निजामाच्या फौजेच्या बँडमध्ये होते. पोलीस अॅक्शननंतर तो बँड मोडला आणि हे वरातीपुढं आले. अंमलदारांच्या क्लबात ऐकलेलं जॅझ मात्र त्यांच्या बोटांतून गेलं नव्हतं. मी कॉलेज सोडून त्यांच्या पायाशी बसलो. मी एखादी चाल बिनचूक वाजवून दाखवली की ते वैतागायचे. "गाना तो सबको मालूम है मियां. तू क्या बोल रा, वो सुना."

वडिलांना कळलं तेव्हा त्यांनी घर डोक्यावर घेतलं. "आपल्या घरातलं पोरगं लोकांच्या लग्नात बाजा वाजवनार? मला गावात तोंड दाखवाया जागा ठिवली नाय तू." पुढं हॉटेलातली जागा मिळाली आणि कोटातला फोटो मी घरी पाठवला, तेव्हा त्यांचा पारा उतरला. वरात नाही, पगार महिन्याचा, साहेब लोकांत ऊठबस. तो फोटो त्यांनी बैठकीत लावला. त्यानंतर हॉटेल सोडायचं म्हणजे त्यांच्या दृष्टीनं पुन्हा रस्त्यावर यायचं, आणि ते हयात असेपर्यंत मी तो विषय काढला नाही.

जॅझमध्ये आधी मूळ चाल वाजवायची, मग तिच्याच पायावर आपल्या मनाचं रचत फेऱ्या घ्यायच्या. एक फेरी, चार फेऱ्या, दम असेल तेवढ्या. ख्याल ऐकणाऱ्याला हे नवीन नाही. बंदिश दोन ओळींची असते आणि गवई तासभर गातो. मी हॉटेलात चाल वाजवायचो, एक फेरी घ्यायचो आणि आवरतं घ्यायचो. साधारण साडेतीन मिनिटं. गाणीही रोज त्याच क्रमानं, कारण गिटारवाल्याला तेवढंच पाठ होतं.

एक दिवस जेवणघराचा कॅप्टन, म्हणजे वेटरांचा मुकादम, मला म्हणाला, "मास्तर, काल शेगडीचं गाणं लवकर घेतलं का काय? माझी लई धांदल उडाली." मला काही उमजेना. मग त्यानं सांगितलं. माझं पाचवं गाणं सुरू झालं की तो बुफेच्या भांड्यांखालच्या शेगड्या पेटवायचा. नववं लागलं की झाकणं उघडायची. पंधराव्याला वरच्या मजल्यावरची माणसं खोल्यांत चादरी बदलायला निघायची. स्वयंपाकघरात घड्याळाकडं बघायला सवड कुणाला, माझा आवाज मात्र झुलत्या दारातून आत यायचाच. शेगडीचं गाणं, झाकणाचं गाणं, चादरीचं गाणं. माझ्या गाण्यांना त्यांनी नावं ठेवली होती आणि मी बेटा हुरळून गेलो. कुणीतरी ऐकतंय तर खरं!

हा आनंद जेमतेम महिनाभर टिकला. एका संध्याकाळी सॅक्सोफोनच्या तोंडातली पत्ती छान बोलत होती, गिटारवालाही रंगात आला होता. सहावं गाणं मी सोडेना. पाच फेऱ्या घेतल्या, सातव्यातही तेच. मला वाटलं, आज खरा मी वाजवतोय. तिकडं साठ पाहुणे हातात ताटल्या घेऊन बंद झाकणांपुढं रांगेत उभे. नववं गाणं वाजलं नव्हतं, म्हणून आतून कोणी हललंच नाही. मॅनेजरनं सगळ्यांदेखत झापलं ते कॅप्टनला. मला एक शब्द बोलले नाहीत. कॅप्टनच्या कागदावर लाल शेरा पडला, आणि त्याच आठवड्यात स्वयंपाकघराच्या दाराशी माझ्या गाण्यांची यादी चिकटली. क्रम, काम आणि मिनिटं. कॅप्टन मला हात जोडून म्हणाला, "मास्तर, माझी दोन लेकरं हायत. जरा सांभाळून घ्या."

घ्या म्हटल्यावर काय करणार? घेतलं सांभाळून. दहा वर्षं.

या दहा वर्षांत मी घरी फार चिडका झालो. भाजीत मीठ कमी पडलं की हॉटेलचा राग निघायचा. मॅनेजरला मी रोज जेवताना शिव्या घालायचो. या माणसानं माझा गळा दाबून ठेवलाय, नाहीतर मी कुठं असतो, वगैरे. बायको ऐकून घ्यायची आणि भाकरी वाढायची.

मग उन्हाळ्याच्या तोंडाशी एक बाई आल्या. मुंबईच्या, पियानो वाजवणाऱ्या, माझ्याच वयाच्या. लेणी बघायला दोन दिवस उतरल्या होत्या. जेवण झाल्यावर सगळे उठले तरी त्या लॉबीत बसून राहिल्या, आणि माझं शेवटचं गाणं संपल्यावर पुढं आल्या.

"तुम्ही इथं काय करताय?" त्यांनी विचारलं. अकरा वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता.

त्यांनी आपलंही सांगितलं. चौघांचा ताफा, स्वतःच बांधलेल्या चाली. दिवसा मुलांच्या शिकवण्या, साबणाच्या जाहिरातींना संगीत, आणि त्यातून वाचलेल्या वेळात खरं काम. वर्षातून एखादा कार्यक्रम परदेशात, बाकी छोट्या हॉलात चाळीस-पन्नास माणसांपुढं. "पण ती चाळीस माणसं बोलत नाहीत," त्या म्हणाल्या. त्यांचा सॅक्सोफोनवाला कायमचा परदेशी गेला होता. जागा रिकामी होती. "उद्या दुपारी मोठ्या हॉलमध्ये या. तिथं पियानो आहे. बघू आपलं जमतंय का."

मी घरी येऊन बायकोला सांगितलं. मला वाटलं, ती रडेल, लेकरांच्या शाळेचं काढेल. ती म्हणाली, "जा की. नाय कोन म्हनलं? मी शिवनकाम करते, माजा भाऊ हाय हितं. तुमची रोजची कुरकुर तरी थांबंल." वडिलांना जाऊन दोन वर्षं झाली होती. सकाळी कॅप्टनला सांगितलं, तर तो खूश. "मास्तर, आमी भिंतीवर घड्याळ लावून घेऊ. तुमी आमची फिकीर करू नका." एकेक करून सगळ्यांनी वाट मोकळी करून दिली आणि मी दुपारपर्यंत तीनदा वाद्य पुसलं.

हॉलमध्ये लग्नाच्या खुर्च्या एकावर एक रचलेल्या होत्या. बाईंनी पियानोवरचं फडकं बाजूला केलं आणि मला येत असलेली एक साधी चाल धरली. मी चाल वाजवली. बरी वाजली. एक फेरी घेतली, त्यांनी मान हलवली, "अजून." आणि माझी बोटं शेवटाकडं वळली. मी ठरवलं नव्हतं. ती आपोआप गेली आणि मी गाणं मिटवून उभा राहिलो.

"पुन्हा," त्या म्हणाल्या. "या वेळी थांबू नका."

पुन्हा तिथंच थांबलो. त्याच ठिकाणी. तिसऱ्या वेळी त्यांनी मला शेवट करूच दिला नाही, त्या वाजवत राहिल्या, माझ्यासाठी जागा ठेवून. मी छातीभर श्वास घेतला, पत्ती ओठांत, बोटं कळांवर. काही आलं नाही. बाहेर माळी पाइपानं झाडांना पाणी घालत होता, त्याचा आवाज येत होता. त्यांनी आणखी एक फेरी वाट पाहिली, मग हात उचलले. मला इतकी लाज वाटली की वाद्य तिथंच टाकून पळावंसं वाटलं.

"तुमच्यासारखा सूर माझ्याकडं कुणाचा नाही," त्या म्हणाल्या. "पण मी बोलायला लागले की तुम्ही उठून जाता." मग त्यांनी नंबर लिहून दिला. दिवाळीनंतर त्यांचे पाच गावांत कार्यक्रम होते. "सात-आठ महिने आहेत. इथं वाजवता ते वाजवा, पण घरी लांब वाजवत बसा. मी फोन करीन."

मी बसलो. खरंच बसलो. सुट्टीच्या दिवशी स्कूटर काढून बिडकीनला शेतावर जायचो आणि बांधावर उभा राहून वाजवायचो. पहिले दोन महिने तेच ते, साडेतीन मिनिटं की खलास. मग एकदा दुसरी फेरी फुटली. मग तिसरी. श्रावणात एके दिवशी मी इतका वेळ वाजवला की बायको गावातल्या घरून डबा घेऊन आली आणि झाकण न उघडता बसून राहिली. "हे आजवर कुठं व्हतं?" ती म्हणाली. दसऱ्याला मी मॅनेजरकडं तीन आठवड्यांची रजा मागितली. मी भांडायच्या तयारीनंच गेलो होतो. त्यांनी लगेच सही केली. "जा, जा. जमलं तर तिकडंच राहा. तुमच्यासारख्यानं इथं सडू नये."

दिवाळी झाली आणि बाईंचा फोन हॉटेलवरच आला. मला मॅनेजरच्या खोलीत बोलावलं. ते समोर कागद बघत बसले होते. बाई म्हणाल्या, "कधी निघताय?"

शेतात एका बायकोशिवाय मला कोणी ऐकत नव्हतं. हॉटेलातही नाही. तिकडं चाळीस माणसं गप्प बसून माझ्याकडं बघणार होती, आणि त्यांच्यापुढं पुन्हा त्या हॉलमधल्यासारखी छाती भरून आली आणि बाहेर काहीच निघालं नाही तर? मी फार घाबरलो. इतकी वर्षं मला वाटायचं की मला कोणीतरी अडवतंय.

"बाई, माफ करा," मी म्हणालो. "मॅनेजर सोडत नाहीत."

त्या "बरं" म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मॅनेजरांनी कागदावरून मान वर केली. ते रागावले नव्हते, त्यांना फक्त कळत नव्हतं. "अहो, मी कधी म्हणालो असं?"

या माणसाला मी दहा वर्षं रोज शिव्या दिल्या होत्या. त्या दिवशी मला त्यांच्या तोंडाकडं बघवेना.