सोयरीकमामांची पसंती

आमचे मामा कुणाच्या घरी ताटात काही टाकून उठले, की त्या घरची सोयरीक मोडली असं समजायचं. आणि ताट पुसून स्वच्छ केलं, की मुलीची आई आत जाऊन देवापुढे साखर ठेवायची. गेवराई तालुक्यात ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. कुणाच्या तोंडावर 'पसंत नाही' म्हणायचं मामांच्या जिवावर यायचं, म्हणून ते काम त्यांनी ताटावर सोपवलं होतं. आयुष्यभर त्यांनी लग्नं जमवली, त्याबद्दल टोपी-उपरण्यापलीकडे काही घेतलं नाही, आणि सगळा तालुका त्यांना सोयरीकमामा म्हणायला लागला. खरी भाची मात्र मी एकटीच.

चांगली स्थळं वाढत गेली तसे मामाही वाढत गेले. शिरा, पोहे, वर भजी, आणि निघताना पुन्हा चहा. एका दिवसात दोन गावं झाली की हे सगळं दोनदा. शेवटी असं झालं, की एसटीच्या पायरीवर कंडक्टरला हात द्यावा लागायचा. बीडच्या डॉक्टरांनी गुडघे तपासले आणि साफ सांगितलं, वजन उतरवा, नाहीतर हातात काठी आलीच म्हणून समजा.

नेमकं त्याच सुमाराला माझं लग्न ठरलं होतं. मुलगा माझी मीच पाहिला होता, परळीचा. अर्ध्या तालुक्याची लग्नं जमवणाऱ्या माणसाच्या भाचीने असं करावं, म्हणजे शिंप्याच्या घरात तयार सदरा विकत आणण्यासारखंच. आई घाबरत घाबरत त्यांना सांगायला गेली. मामांनी सगळं ऐकून घेतलं, मग मला हाक मारून म्हणाले, "शितले, पसंती तुझी. पन मांडवात आणायचं काम मामाचं असतंय. मी तुला माझ्या पायानं आणीन. काठी न्हाई, कुणाच्या खांद्यावर हात न्हाई."

हे बोलून त्यांनी पहिल्यांदा तोंडावर ताबा ठेवायचं ठरवलं. तलवाड्याला एक मुलगी पाहायला गेले होते, तिथे अर्धा शिरा ठेवून उठले. मामा घरी पोचायच्या आत मुलीच्या वडिलांचा फोन आला. माणूस रडकुंडीला आलेला. "मामा, काय चुकलं आमचं? पोरीत काय खोट हाय का?" मामांनी पथ्याचं सांगून पाहिलं, पण विश्वास कोण ठेवतो! दुसऱ्या दिवशी मामा परत तलवाड्याला गेले आणि सगळ्या भावकीसमोर दोन बशा शिरा खाऊन आले. आल्यावर खुर्चीत बसून मला म्हणाले, "तोंड आपल्या कामाचं हत्यार हाय, ते म्यान करता येत न्हाई. हातपायच हलवावे लागतेत."

मी म्हटलं, सकाळी फिरायला जा. गेले. पण गेवराईत मामांना शंभर पावलं सलग चालू कोण देणार? जो तो वाटेत अडवायचा, "मामा, आमच्या पोरीचं बघा की." निघाले तेव्हा हात मोकळे होते, परतले तेव्हा हातात बायोडाटांची चळत. जिमचं नाव काढलं तर कानाला हात लावले. "तिथं सगळे माझे नवरदेव! हाफ चड्डीत बघितल्यावर माझा शब्द कोन ऐकायलंय?"

म्हणजे व्यायाम घरातच करायला हवा होता. मोबाइलवर तर व्यायामांची जत्रा भरलेली. एका रविवारी मी मामांच्या शेजारी बसले आणि एकेक दाखवायला लागले. मामांनी चष्मा पुसला, टोपी सारखी केली, आणि मुलगा पाहायला बसतात तसे बसले.

पहिला एक तरणाबांड पोरगा होता. उड्या मारत होता आणि प्रत्येक उडीला ओरडत होता. मामा थेट मोबाइललाच म्हणाले, "कावून वरडायलास बे?" मग माझ्याकडे वळले. "दिसायला चांगला हाय. पन ह्याच्यासंगं नांदणं न्हाई व्हायचं. आठ दिसांत पोरगी माघारी."

दुसऱ्याने महिन्याभरात पोट गायब करायची हमी दिली होती. एक आधीचा फोटो, एक नंतरचा. मामांनी मोबाइल नाकाला लावला. "शितले, कान बघ. दोन फोटोतले कान येगळे हायेत." खोट्या फोटोंनी त्यांना तरुणपणी फार फसवलं होतं, तेव्हापासून ते चेहऱ्याआधी कान पाहायचे. "आन घाई करणाऱ्या स्थळात कायतरी झाकलेलं असतंय," हेही वर सांगितलं. तिसऱ्याला चटई, वजनं, रबरी पट्टा, असलं काय काय आधी आणून हवं होतं. "हे तर हुंडा मागायलंय. पुढचं दाखव."

पुढची एक पिकल्या केसांची बाई होती. साध्या सलवार-कमीजमधली, सावकाश हिंदी बोलणारी. खुर्चीवर बसून आळीपाळीने पाय सरळ करायचे, हात वर न्यायचे, उठायचं, बसायचं, खुर्चीची पाठ धरून टाचा उचलायच्या. मामांचा चेहरा पडला. "बिजवराचं स्थळ दाखवायलीस मला?"

मी डॉक्टरांची आठवण करून दिली, गुडघ्यांना उड्या चालणार नाहीत म्हटलं. मामांनी ते शेवटपर्यंत पाहिलं. मग विचारलं, "चांगल्या दिवसाचं मला सांगू नको. ज्या दिवशी पाव्हणे येतेत, लाईट जाती, आन मन लागत न्हाई, त्या दिवशी हे व्हतंय का?" मी म्हटलं, होतं, खुर्ची घरचीच आहे, आणि एकदा शिकलं की लाईटचंही काम नाही. मामांनी मांडीवर थाप मारली. "मग फोडा सुपारी. बिजवरांचे संसारच मी जास्त टिकलेले बघितलेत. आपल्याला काय झेपत न्हाई ते त्यांना आधीच कळलेलं असतंय."

दुसऱ्या दिवसापासून आंघोळ झाली की बैठकीच्या मधोमध दोन लाकडी खुर्च्या यायच्या, एक मामांची, एक मामींची. मामी आधी पदराआड हसायच्या, मग मामांपेक्षा सरळ पाय करायला लागल्या. मामा टोपी काढायचे नाहीत. टोपी काढली की झोपावंसं वाटतं म्हणायचे. मध्येच कुणी मुलीचा किंवा मुलाचा बाप आला, तर त्यालाही खुर्ची मिळायची आणि हुकूम सुटायचा, "आधी हात वर करा, मग बोला." चांगले मिशीवाले गृहस्थ त्या बैठकीत हात वर करून हुंड्याला नकार देताना मी पाहिलेत. मामांची ती खुर्ची आता परळीला माझ्या घरात आहे. मामा गेल्यावर मामींनीच ती धाडली. "एकटीला दोन कशाला लागतेत?" म्हणाल्या.

गुडघे बरे वाटायला लागले, उठबस सुधारली, पण काटा काही हलेना. मी हळूच सांगितलं, नुसत्या खुर्चीने भागत नाही मामा, ताटही आवरावं लागेल. मामा हरणाऱ्यातले नव्हते. पुढच्याच घरी उंबऱ्यात उभं राहून त्यांनी जाहीर केलं, "आजपासून माझ्या ताटाकडं बघू नका, तोंडाकडं बघा. पसंत असलं तर तसं बोलीन, नसलं तर तसंबी बोलीन." साठीकडे झुकलेला तो माणूस लोकांना तोंडाने 'नाही' म्हणायला तेव्हा शिकला. लोक तरी चोरून मामींना फोन करायचे, "मामांनी दोनच घास खाल्ले. खरंच पथ्य हाय का?" मामी सांगायच्या, "हाय माय. माझ्याबी हातच्या भाकरीचे तेच हाल हायेत." सदरे हळूहळू सैल झाले. एक दिवस मामा कंडक्टरकडे न बघता एसटीत चढले, आणि ते सांगायला मुद्दाम आमच्या घरी आले.

लग्नाआधी मामा मला घेऊन परळीला माझ्या होणाऱ्या सासरी जेवायला गेले. सासूबाईंनी पुरणपोळ्या केल्या होत्या. मामांनी चतकोर पोळी खाल्ली, बाकीची ताटातच ठेवली आणि वर हात आडवा धरला. "बास. लई चांगली मानसं हायेत तुमी," असं तोंडाने सांगितलंही. पण मी लहानपणापासून त्यांचं ताट वाचत आले होते. पथ्य होतं, की पसंती नव्हती? येताना गाडीत विचारायचं धाडस झालं नाही, आणि नंतरही झालं नाही. मेंदी लागली, हळद लागली, तरी ती उरलेली पोळी माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

लग्नाच्या दिवशी भटजींनी पुकारा केला, "मुलीच्या मामांनी मुलीला मांडवात घेऊन यावं." मामा गुलाबी फेटा बांधून खोलीच्या दारात उभेच होते. स्टेजच्या पायथ्याशी कुणीतरी काळजीने एक खुर्ची ठेवली होती. मामांनी तिच्याकडे पाहिलं. "ही उचला. माझी खुर्ची सकाळीच झाली." मग माझा हात धरून पायऱ्या चढायला लागले. हात त्यांनी मला आधार म्हणून दिला होता, घेतला नव्हता. प्रत्येक पायरीवर ते त्या बाईंच्या हिंदीत पुटपुटत होते, "धीरे धीरे, सांस लो." आमच्याकडे मंगलाष्टका म्हणायची हौस सगळ्यांनाच, आत्या झाल्या, चुलत्या झाल्या, वराकडचे दोन काका झाले. मामा माझ्या पाठीमागे खांबासारखे उभे राहिले. शेवटचं 'सावधान' झालं तेव्हा मी वळून पाहिलं, तर घामाने फेटा भिजला होता आणि मामा हसत होते.

पुढे जेवणं सुरू झाली. आम्ही दोघं पंगतीतून फिरत मामांपर्यंत पोचलो. त्यांच्या ताटात वाढलेलं काहीच उरलं नव्हतं. जिलेबी गेली होती, मसालेभात गेला होता, वरणाची वाटी कोरडी होती, आणि मामा पुरीच्या शेवटच्या तुकड्याने ताट पुसत होते. आई ओरडली, "दादा, आरं पथ्य!"

मामांनी तो तुकडा तोंडात टाकला आणि रिकामं ताट उचलून माझ्याकडे वळवलं.

"पथ्य उद्यापासून," ते म्हणाले. "आज शितलीला सांगायचं व्हतं."