सोडाआत्याचा गुडघा आणि फिकट चादरी

हॉस्पिटलच्या तळघरातल्या धुलाईघरात सोडाआत्याचं राज्य होतं. कपड्यांत सोडा आणि बोलण्यात तिखट, दोन्ही ती सढळ हाताने टाकायची. खरं तर ती एकाच मुलीची आत्या, ऑपरेशन थिएटरात सिस्टर असलेल्या भाचीची. पण भाची हाक मारते म्हणून शिपायापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांचीच आत्या होऊन बसली.

वरून आलेली चादर गार पाण्यात बुडवण्याआधी ती उलगडून बघायची आणि तिथल्या तिथे निकाल द्यायची. "ही अपेंडिक्सची. ही बाळंतपणाची. आणि हा एवढा सडा म्हणजे गुडघा."

या गुडघ्याच्या चादरींनीच तिची पाचावर धारण बसवली होती. तिचे स्वतःचे गुडघे केव्हाच कामातून गेले होते. उजवा तर जिन्यावर असा कुरकुरायचा की वरच्या मजल्यावरचे लोक म्हणायचे, आल्या आत्या. सांधा बदलून घे, असं भाची म्हणाली की ती कानांवर हात ठेवायची. "तुम्ही वर कापता, मी खाली पिळते. माझ्या अंगात तेवढं रक्त नाही बाई."

पण आता गळ्याशी आलं होतं. वाळत घालायची गच्ची सगळ्यात वर, आणि लिफ्ट पेशंटांसाठी. सुपरवायझरने सांगून टाकलं, "आत्या, पुढच्या महिन्यापासून तुम्ही खुर्चीत बसून घड्या घाला." आत्याच्या लेखी घड्या घालणं म्हणजे काम नव्हे, शिक्षा. गच्चीवर वारा होता, ऊन होतं आणि आजूबाजूच्या इमारतींमधल्या भानगडी होत्या.

म्हणून ती ऑपरेशनसाठी मनाची तयारी करत होती, आणि नेमक्या तेव्हाच चादरी फिकट यायला लागल्या. गुडघ्याच्या चादरी, आणि डाग कसे, तर कपातला चहा हिंदकळल्यासारखे. आत्याने काही दिवस निरखून पाहिलं आणि ठरवून टाकलं: हाडांचे डॉक्टर थकले. वरवर चिरतात, आत डोकावतात आणि शिवून मोकळे होतात.

"मी नाही त्यांच्या हातात पाय देणार," तिने भाचीला सांगितलं.

"अगं, मी असते ना तिथे. डोळ्यांनी बघते."

"तू त्यांच्या हाताखालची. तू कशाला सांगशील?"

भाचीने कपाळावर हात मारला आणि दुपारी डॉक्टरांनाच खाली घेऊन आली.

"काय आत्या, माझ्याबद्दल काय पसरवताय?"

"पसरवत नाही, विचारते. तुम्ही हाडापर्यंत जाता का हो?"

डॉक्टरांनी आजवर पुष्कळ परीक्षा दिल्या होत्या, हा प्रश्न कुठल्याच पेपरात आला नव्हता. "जातो की. हाड कापतो, नवा सांधा बसवतो."

"मग रक्त कुठे जातं?"

"पेशंटच्या अंगातच राहतं. कापलं की शरीर रक्ताची गुठळी धरतं आणि लगेच ती विरघळवायलाही लागतं. आम्ही हल्ली शिरेतून एक औषध देतो. त्याने गुठळी टिकते, रक्त कमी जातं. जातच नाही असं नाही हं. आणि आधी चौकशी करतो. पायात किंवा फुप्फुसात कधी गुठळी झाली होती का, फिट येते का, किडनी कशी आहे."

"म्हणजे नवीन काढलंय आणि माझ्यावर करून बघणार."

"नवीन कसलं," भाची मध्ये पडली. "पाळीत तुला फार जायचं, तेव्हा तू गोळ्या घ्यायचीस ना, पर्समध्ये लपवून? तेच औषध."

कोपऱ्यातला इस्त्रीवाला एकाएकी फारच मन लावून डॉक्टरांचे कोट दाबू लागला.

"ती गोळी?" आत्याने डॉक्टरांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "गुडघ्याला कुठली आलीय पाळी?"

डॉक्टर हसता हसता ओल्या कपड्यांच्या गाडीला टेकले. "औषधाला काय कळतंय आत्या, रक्त कुठलं ते."

त्या गोळीशी आत्याची जुनी ओळख होती. पोटात गोळे येत असताना, मागे डाग पडला का म्हणून पुन्हा पुन्हा वळून बघत तिने ज्या पाळ्या काढल्या, त्यांतून तिला त्या गोळीनेच तारून नेलं होतं. डॉक्टरांचा भरवसा नसेल, पण गोळीचा होता.

"हे आधी सांगायचं होतंत," ती म्हणाली. "उगीच बदनामी करून बसले तुमची."

"कुठपर्यंत गेलीय?"

"कँटीनपर्यंत. निस्तरते मी."

ऑपरेशनच्या वेळी कमरेखालचं अंग बधिर होतं आणि पडद्याच्या अलीकडे आत्या टक्क जागी. पलीकडे करवत चालली, मग हातोडी.

"काय ठोकताय?"

"तुमचा सांधा."

"सरळ बसवा. वाकडं मला खपत नाही."

पुढे पाय सुजला, मांडी काळीनिळी झाली, व्यायाम घेणाऱ्या मुलीने आत्याच्या ठेवणीतल्या शिव्या खाल्ल्या. रक्ताची बाटली मात्र लावावी लागली नाही.

काही महिन्यांनी आत्या कठड्याला धरून, थांबत थांबत, जिना चढली. मागून भाची ओरडत होती, "हळू, अगं हळू." आत्या गच्चीवर पोचली, श्वास घेतला आणि दोऱ्यांवरून नजर फिरवली.

"ही काय पद्धत झाली वाळत घालायची," ती म्हणाली. "टोकं बघा जरा, टोकं." आणि तिने चिमटे काढायला सुरुवात केली.