माझं ठणठणीत पोट आणि मुक्ताची परीक्षा

माझी मुलगी मुक्ता एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला नापास झाली, आणि तिला नापास मी केलं. मी प्राध्यापक नाही. इथे कन्नड मुलखात, चामराजपेटेत, माझं कापडाचं दुकान आहे.

करोनाचे दिवस. दुकान बंद, कॉलेज बंद, मुक्ताचे वर्ग मोबाइलवर. वॉर्डात पेशंट तपासायला शिकायचं, तर ही पोरगी घरात बसून दिवाणावरचा लोड दाबत होती! ("इथे लिव्हर लागतंय," असं ती पुटपुटली की माझी बायको सुमन ओरडायची, "अगं, उसवशील!") त्यातच परीक्षा जाहीर झाली. घरातल्याच माणसाला पेशंट म्हणून निजवायचं, कॅमेऱ्यासमोर तपासायचं, सर तिकडून बघणार. पास झाली तर मैत्रिणींबरोबर पुढे, नाही तर सहा महिने मागे.

"मी निजतो!" मी म्हटलं. तीन महिने माझा तोच सराव चालला होता.

"अण्णा, तुम्हाला काहीही झालेलं नाही, एवढं लक्षात ठेवा," मुक्ता म्हणाली. "मी सांगणार, पेशंट निरोगी आहे. मग सर तुम्हाला विचारतील. तुम्ही फक्त 'नाही' म्हणायचं. एकच शब्द. जमेल ना?"

"न जमायला काय झालं?"

आता आमच्या दुकानाची रीत सांगायला हवी. तिथे 'नाही' हा शब्द चालत नाही. वडिलांची शिस्त! गिऱ्हाइकाने मोरपंखी ब्लाउजपीस मागितला आणि आपल्याकडे नसला, तरी "इदे सार!" (म्हणजे 'आहे सर!') म्हणायचं, बसवायचं आणि मागच्या दाराने शेजारच्या दुकानातून आणून द्यायचा. बत्तीस वर्षं मी दुसरं काही केलेलं नाही.

परीक्षेच्या दिवशी मी शर्ट काढून दिवाणावर. मुक्ताने मला असं काही व्यवस्थित तपासलं, की माझा ऊर भरून आला. "पेशंट निरोगी आहे सर, कसलीही तक्रार नाही," ती म्हणाली. मग सर माझ्याशी कन्नडमध्ये बोलू लागले. अगदी मृदू आवाज.

"काय हो, ताप आहे?"

तीन महिन्यांत माझ्याकडे कुणी काही मागितलं नव्हतं हो!

"इदे सार!"

मुक्ताचा हात माझ्या पोटावरच थिजला.

"खोकला? कोरडा का?"

"कोरडा आहे, ओला पण आहे!"

"अण्णा!" मुक्ताने मला चिमटा काढला.

"पोटात दुखतं?"

"दुखतं ना सार!" (चिमटा खरंच जोरात होता.)

"कुठे?"

"तुम्ही सांगाल तिथे!"

नेमक्या त्याच क्षणी सुमनने स्वयंपाकघरात मिरच्यांची फोडणी टाकली. मला असा ठसका लागला, की डोळ्यांतून पाणी, तोंडातून शब्द नाही. सर खुर्चीवरून अर्धे उठले. "आधी मास्क लाव! त्यांच्यापासून लांब हो! परीक्षा बंद!"

टेस्ट झाली. दोघंही निगेटिव्ह. मुक्ताने सरांना खरं ते सांगितलं, "त्यांना काही झालेलं नाही सर. ते दुकानदार आहेत, त्यांना नाही म्हणता येत नाही."

"पेशंट काहीही सांगेल," सर म्हणाले. "खरं काय ते काढून घेणं डॉक्टरचं काम. तू त्यांना एक प्रश्न तरी विचारलास?"

मग मी स्वतः फोन केला. "सार, चूक माझी आहे. पोरीची परीक्षा परत घ्याल का?"

"नाही," ते म्हणाले. किती सहज म्हणाले! मी फोन धरून बसलो होतो, अजून काही म्हणतील म्हणून.

मैत्रिणी इंटर्नशिपला लागल्या. त्यांचे पांढऱ्या कोटातले फोटो यायचे, आणि मुक्ता दिवाणावर तोच लोड घेऊन बसलेली असायची. एकदा धीर करून विचारलं, "रागावलीस माझ्यावर?"

"नाही, अण्णा."

डोळे सुजलेले होते. चार शब्द बोलली असती, भांडली असती, तर बरं झालं असतं. आजही ते आठवलं की आतून चरचरतं. पोरीचे सहा महिने मी 'इदे सार' म्हणत उडवले.

आता ती डॉक्टर आहे, आणि मला साखर आहे. (खरोखरची!) दर रविवारी ती समोर बसवून विचारते, "अण्णा, मैसूरपाक खाल्लात?"

"नाही!" मी ठणकावून सांगतो.

ती माझ्या मिशांकडे बघते, रुमाल पुढे करते आणि वहीत लिहिते, 'खाल्ला.'

बत्तीस वर्षांत जो शब्द जमला नाही तो आता कुठे जमायला लागलाय, तर गिऱ्हाइकाचा विश्वासच उडालेला!