आक्कांच्या मॅग्नमला हलकी गोळी

फौजेतून हवालदार म्हणून पेन्शनवर आलो आणि माझं शेवटचं पोस्टिंग झालं झरीच्या शिवारात, आमच्याच आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरी. इथे रिपोर्ट द्यायला कमांडर नव्हता. एक बैलजोडी होती आणि तिला माझी रँक कळत नव्हती. सकाळी पाचला उठायची सवय मात्र सुटली नाही. उठायचं, दाढी करायची, विहिरीपर्यंत फेरी मारायची. लोक हसायचे. हसू देत.

शेजारचा आखाडा आक्कांचा. नवरा जाऊन काही वर्षं झाली होती, मुली सासरी. जमीन भरपूर, आणि ती बाई एकटी सांभाळायची. घराच्या मागच्या अंगाला गोठा, आणि पुढच्या दारासमोर, अंगणापलीकडे, सालगड्याची खोप. सालगडी म्हणजे वर्षाच्या कराराने राहिलेला गडी. त्याचं नाव किसन. बायको आणि दोन लेकरं घेऊन तो तिथेच राही. खोपीच्या कुडाला तुराट्या आणि वरून शेणमातीचा लेप. त्यातून वारा अडत नाही, गोळी काय अडणार.

ते नामांतराचे दिवस होते. विद्यापीठाच्या नावावरून गावागावात माणसं एकमेकांकडे तिरकी बघत होती. किसन बौद्धवाड्यातला, आक्का पाटलांच्या घरच्या. त्या दोघांचं कधी वाजलं नाही, पण आजूबाजूला वाजत होतं. त्यात आखाड्यांवर दरोडे पडायला लागले.

एके दिवशी आक्कांनी मला बोलावलं आणि फडक्यात गुंडाळलेलं हत्यार पुढे ठेवलं. सासऱ्यांनी निजामाच्या राजवटीत घेतलेलं विलायती रिव्हॉल्व्हर, मॅग्नम. परवाना आता आक्कांच्या नावावर होता. सोबत मोठ्या गोळ्यांची पेटी.

"हवालदार, मला ह्ये चालवायला शिकवा. एकदा वाजवून बघितलं तर मनगट आठ दिवस सुजलं व्हतं."

"लागली कुठं?"

"चिंचेला धरली व्हती. चिंच लय खुशीत हाय अजून."

मला हसू आलं. हत्यार उघडून पाहिलं. बॅरल साफ, सिलिंडर घट्ट. दोष हत्यारात नव्हता, गोळीत होता. मॅग्नमच्या काडतुसात बारूद जास्त, झटका जास्त, आणि पलीकडे जाण्याचा जोरही जास्त. पण त्याच सिलिंडरमध्ये थर्टी-एटची साधी गोळी बसते. व्यास तोच, काडतूस आखूड. परवान्यावर दोन्हींची नोंद होती. परभणीच्या दुकानदाराकडे जुन्या मालात साध्या शिशाच्या थर्टी-एट मिळाल्या.

आक्कांचे दीर बापूराव गावातून आले आणि त्यांना हे अजिबात पटलं नाही.

"वाघाच्या तोंडात बकरीचे दात बसवायलाव का? दिवस कसे हायत बघा. मोठीच गोळी ठिवा. एकात आडवा झाला पायजे."

"कोण आडवा झाला पाहिजे?"

"जो समोर यील त्यो."

मला राग आला. हत्यार कधी चालवलेलं नसलं की माणसाला मोठा आवाज फार आवडतो. पण वाद घातला नाही. ठाण्यात आधी वर्दी दिली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नाल्याकाठी, उंच बांधासमोर, फायर करून दाखवला. गोठ्याच्या जुन्या दाराची सागवानी फळी उभी केली. घराच्या पुढच्या दाराला होती तशीच, तीन बोटं जाडीची. पहिली गोळी मॅग्नम. फळीला आरपार भोक पडलं आणि गोळी मागच्या बांधात इतकी खोल गेली की खणूनही सापडली नाही. दुसरी थर्टी-एट. ती फळीतच रुतून बसली.

"बापूराव, तुमचं पुढचं दार अशाच फळीचं आहे. त्या दारासमोर काय आहे?"

ते फळीतलं भोक बोटाने चाचपत राहिले. आक्का बोलल्या.

"किसनची खोप."

"तर मग हीच गोळी. तुमच्या हातालाही झेपेल."

आक्कांनी थर्टी-एटच्या सहा गोळ्या स्वतःच्या हाताने भरल्या. त्यानंतरच्या सरावात बाईंनी टिनाचा डबा तीनदा पाडला. बापूराव मात्र मोठ्या गोळ्यांची पेटी घरातून हलवायला तयार नव्हते. ती फडताळात राहिली.

फाल्गुन संपत आला होता. ज्वारीची काढणी चालू होती. त्या दिवशी दुपारी बापूराव देवगाव फाट्याहून बातमी घेऊन आले, की तिकडच्या एका आखाड्यावर दरोडा पडला, म्हातारा-म्हातारीला मारलं. आक्कांना म्हणाले, "आता तरी मोठ्या गोळ्या भरून ठिव." मी तिथेच होतो. आक्का हो म्हणाल्या नाहीत आणि नाहीही म्हणाल्या नाहीत.

आमच्याकडे दिवेलागणीला पुढचं दार लावत नाहीत. लक्ष्मी यायची वेळ. घरात कुणी आजारी असो, भांडण असो, त्या घटकेला दार सताड उघडं. आक्कांच्या घरी इतक्या वर्षांत यात खंड पडला नव्हता. त्या संध्याकाळी मात्र त्यांनी दिवा लावला आणि दार ओढून अडसर घातला.

किसन बैल बांधून अंगणात आला. पाहतो तर दिवेलागणीला दार बंद. त्याच्या डोक्यात एकच विचार आला, की चोर आत शिरलेत आणि त्यांनीच आतून अडसर घातलाय. हाक मारली तर ते आक्कांना मारतील, म्हणून तो गप्पच राहिला. पाय न वाजवता दारापाशी गेला आणि खांदा लावला.

आतून आक्का ओरडल्या, "कोन हाय?"

तो आवाज ऐकून किसनला वाटलं, आक्का संकटात आहेत. त्याने सगळा जोर लावला. अडसर करकरला. आक्कांनी दोन्ही हातांनी रिव्हॉल्व्हर धरलं, शिकवलं होतं तसं, आणि ट्रिगर दाबला.

मी माझ्या खळ्यावर होतो. आवाज ऐकला आणि धावलो. बंद घरातला आवाज होता, त्यावरून कोणती गोळी ते कळेना. वाटेत किसनच्या बायकोची किंकाळी ऐकू आली. मी फौजेत फायरखाली धावलोय, पण त्या बांधावरून धावताना जितका घाबरलो तितका कधी घाबरलो नव्हतो. आत मॅग्नम भरलेली असली तर किसन गेला, आणि त्याच्या मागे खोपीत लेकरं होती. आणि पाटलाच्या घरातून सुटलेल्या गोळीने बौद्धवाड्यातला माणूस मेला, ही बातमी झरीला पोचायला किती वेळ लागणार होता? सकाळपर्यंत आणखी कितीजण गेले असते, कोण सांगणार.

किसन दारासमोर जमिनीवर बसला होता. छाती हाताने चाचपत होता. रक्त नव्हतं. दाराच्या बाहेरच्या अंगाला, बरोबर त्याच्या छातीच्या उंचीवर, लाकूड फुगून त्याची ढलपी उडाली होती. गोळी आतच होती.

"आक्का, फायर बंद! मी हवालदार. किसन आहे बाहेर."

अडसर निघाला. आक्कांनी किसनला पाहिलं आणि उंबऱ्यातच बसल्या.

"किसन... तू? बोलला का न्हाईस रं?"

"दार बंद दिसलं आक्का. मला वाटलं तुमाला मारायलेत."

मी हत्यार उचलून सिलिंडर उघडलं. सहाही थर्टी-एट. एक रिकामी.

पाडव्याला सालगड्याचं नवं वर्ष ठरतं. किसन जाणार असं आम्ही धरूनच चाललो होतो. तो आला आणि म्हणाला, "दिवेलागणीला दार उगडं ठिवणार आसाल तर ऱ्हातो." आक्का हसल्या आणि मग पदराने डोळे पुसले.

त्याच दिवशी आक्कांनी मला विचारलं, "बाहेर आपलंच माणूस आसंल, ह्ये तुमच्या ध्यानात कसं आलं, हवालदार?"

मी कुणाला सांगितलं नव्हतं, ते त्यांना सांगितलं. आमच्या प्लाटूनमध्ये तुकाराम नावाचा लान्स नायक होता. दांडगा, गाणारा, सगळ्यांच्या मेसटिनमधलं खाणारा. पूर्वेकडच्या सीमेवर एका गावात शत्रू एका घरात दडून होता. आमच्या एलएमजीने, म्हणजे हलक्या मशीनगनने, त्या घरावर फायर घेतला. हुकूम बरोबर होता, निशाणा बरोबर होता. शत्रू पडला. पण भिंत बांबूच्या चटयांची होती आणि तुकाराम तोपर्यंत वळसा घालून पलीकडे पोचला होता. वायरलेसवर कंपनी कमांडरचा आवाज आला, "चेक फायर! चेक फायर! उधर अपना आदमी है." तोवर उशीर झाला होता. मी त्याला उचलून आणला. वाटेत तो एवढंच म्हणाला, "कुणाला बोलू नका, चूक कुणाचीच न्हाई." गोळी कुठे लागते हे सगळे शिकवतात. लागल्यावर पुढे कुठे जाते, हे मला तुकारामने शिकवलं.



अक्षयतृतीयेला आक्कांनी मला जेवायला बोलावलं. आमच्याकडे त्या दिवशी गेलेल्या पुरुषांच्या नावाने पाण्याने भरलेला मातीचा करा मांडतात. पाटावर सासऱ्यांचा एक, मालकांचा एक, असे दोन असायचे. त्या वर्षी तीन होते. पाणी सोडायला बसलेले बापूराव थांबले.

"वहिनी, ह्यो तिसरा कुनाचा?"

"हवालदारांच्या तुकारामाचा."

मला वाटलं, बापूराव काहीतरी बोलतील. त्यांनी पंचपात्र उचललं आणि माझ्याकडे पाहिलं.

"पुरं नाव सांगा त्यांचं."

मी उठून सावधान उभा राहिलो आणि रँकसकट नाव सांगितलं. बापूरावांनी ते नाव हळू आवाजात पुन्हा म्हटलं आणि तिसऱ्या कऱ्यावर पाणी सोडलं.