दादाची लेबलं

माझा थोरला भाऊ काचसामानाच्या दुकानात मालाला किमतीची लेबलं चिकटवतो. त्या कामात त्याचा हात धरणारा कोणी नाही. पण तेच काम त्यानं घरी आणलं, तेव्हापासून मला त्याच्या घरात पाऊल टाकायची शिसारी येते. मिक्सरवर लेबल, पंख्यावर लेबल, उशीच्या अभ्र्यावरसुद्धा लेबल. किंमत डोळ्यांसमोर असली की माणूस वस्तू जपतो म्हणे. वहिनी सुरुवातीला ती खरवडून काढायची. पुढे तिनं नाद सोडला.

त्याची सात वर्षांची ठमी आकडे शिकली ती या लेबलांवरच. पैशातलं तिला अजून फारसं कळत नाही. तिच्या लेखी मोठा आकडा म्हणजे मोठं माणूस. म्हणून मिक्सरला ती अहो-जाहो करते आणि चमच्यांवर खेकसते. पाहुणे आले की दादा तिला पुढे करायचा आणि ती घडाघडा सांगायची: पडदे नऊशे, घड्याळ साडेचारशे, आत्यानं आणलेला फ्रॉक दोनशे. माझ्या भेटीची किंमत दादानं अंदाजानं ठरवली होती. फ्रॉक तीनशेचा होता, पण तसं म्हटलं असतं तर मीही त्याच माळेचा मणी ठरले असते.

परवा गेले तर ठमी घरातही मोजे घालून लंगडत होती. "नवं खूळ आहे तिचं," वहिनी म्हणाली. मी पोरीला जवळ घेतलं आणि भपकन वास आला. मोजा टाचेला चिकटला होता. कोमट पाण्यात भिजवून सोडवला, तर आत नुसता पू. गेल्या आठवड्यात तिच्या हातून काचेचा बाऊल फुटला होता. त्याबद्दल तिनं बापाची बोलणी खाल्ली, पण पायात काच गेल्याचं चकार शब्दानं सांगितलं नव्हतं.

दादा, वहिनी आणि मी, तिघांनी तिला तसंच दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी काच काढली. आणखी उशीर झाला असता तर पायावर बेतलं असतं, म्हणाले. मग त्यांनी तिलाच विचारलं, "बाळा, सांगितलं का नाहीस?"

"बाऊल साडेतीनशेचा होता. तुम्ही चारशेचे. बाहेर पाटीवर लिहिलंय. बाबांचे पैसे बाऊलपेक्षा जास्त गेले असते."

"आणि तुझा पाय?"

तिनं वाकून पायाकडे पाहिलं. "त्याच्यावर काही लिहिलेलं नाहीये."

आता तरी दादाला मेल्याहून मेल्यासारखं होईल, असं मला वाटलं. तो बाहेर आला आणि कंपाउंडरला म्हणाला, "बघा, सात वर्षांची पोर. मागच्या खोकल्याच्या वेळी वाचलेली पाटी, अजून पाठ आहे तिला." चेहऱ्यावर कौतुक नुसतं उतू जात होतं. हा माणूस आणि मी एकाच घरात वाढलो याची मला किळस आली.

माझ्या खांद्यावर मुसमुसणाऱ्या ठमीनं ते ऐकलं. तिनं डोळे पुसले आणि बापाकडे बघून खुदकन हसली.