टायरचे दात पाहणारे दगडूअण्णा

पहिल्या भेटीत दगडूअण्णांनी माझ्या नमस्काराला उत्तरच दिलं नाही. ते माझ्या होडीच्या ट्रेलरखाली उताणे पडून बॅटरीच्या उजेडात टायरच्या आतल्या बाजूचे आकडे वाचत होते. बाहेर आले, धोतराला हात पुसले आणि म्हणाले, "कुनी गंडवलं तुमाला?"

घोडेगावच्या बाजारात त्यांनी निम्मी हयात म्हशींच्या व्यापारात घालवली होती. पुढे हमरस्त्याला टायरचं दुकान टाकलं, पण नजर बाजारातलीच राहिली. शिंगांना तेल चोपडून म्हातारी म्हैस तरणी म्हणून खपवतात, तसं काळं पॉलिश मारून जुने टायर खपवतात, हे त्यांचं पक्कं मत. "नक्षी बघून टायर घेनारा आन् शिंगं बघून म्हैस घेनारा, दोगंबी सारखेच. दात बघा, दात!" टायरचे दात म्हणजे तो कधी बनला हे सांगणारे, कडेला उमटवलेले चार आकडे. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. बऱ्याचदा ते एकाच बाजूला असतात, आणि ती बाजू नेमकी आत बसवलेली असते. अण्णांच्या मते ही बदमाशी होती.

आम्हा दोघा भावांची मासेमारीची फायबरची होडी आहे. जायकवाडीचं पाणी मागे हटलं की ती ट्रेलरवर घालून मुळा धरणाकडे न्यायची. ट्रेलर वर्षातून तीनचारदा चालणार, त्यामुळे टायरची नक्षी नव्यासारखी. मला वाटलं, म्हातारा गिऱ्हाईक कापायला बसलाय. "चालला न्हाई म्हनूनच मेलाय त्यो," अण्णा म्हणाले आणि अंगठ्याने रबर दाबून बारीक भेगा दाखवल्या. "एका जागी उन्हात हुबा राहून वाळलाय. खाली ठोकळे लावा, वर गोणपाट टाका."

मग त्यांनी माझ्या सगळ्याच सवयींवर संशय घेतला. हवा मोजायची ती प्रवासाला निघण्याआधी, टायर थंड असताना. लांबून आल्यावर चाक तापलेलं असताना होडी पाण्यात सोडायची नाही, बेअरिंगमध्ये पाणी शिरतं. होडीत जाळी, बर्फाची पेटी आणि वर माणसं बसलेली पाहून तर ते कडाडले, "होडी हाय का वडापची जीप? टायरवर वजन लिवलंय ते काय शोभंला?" अण्णांचा जगावर विश्वास नव्हता आणि माझा अण्णांवर नव्हता. तरीही वर्षानुवर्षं मी त्यांच्याकडेच जात राहिलो.

एका उन्हाळ्यात त्यांनी ट्रेलरला टायरची नवी जोडी घातली. त्यांच्या भाच्याने पाठवलेला माल होता. त्या दिवशी अण्णा खाली वाकले नाहीत. "घरचाच माल हाय," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. पिकअपमागे ट्रेलर, आणि अण्णांनी इतकं बजावूनही होडीत आई आणि दोन चुलत्या. वाटेत अण्णांचा फोन आला. म्हटलं, आता आणखी काय गळ्यात मारायचंय यांना? उचलला नाही. तो पाच वेळा वाजला.

वांबोरीच्या घाटाच्या अलीकडे एक मोटारसायकल आम्हाला ओलांडून पुढे गेली आणि रस्त्यात आडवी झाली. अण्णा होते. मागे दोन्ही बाजूंना रिंगसकट एकेक टायर दोरीने बांधलेला. त्याच मालातला उरलेला टायर त्यांनी सकाळी दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी काढला होता आणि सवयीने आकडे पाहिले होते. टायर नऊ वर्षांचा निघाला. तरी मला पहिली शंका हीच आली, की आमच्या टायरला चांगलं गिऱ्हाईक मिळालं म्हणून हे ते परत न्यायला आलेत.

अण्णांनी भर रस्त्यात जॅक लावून दोन्ही चाकं बदलली. मग काढलेल्या एका टायरच्या कडेवर सुरी चालवली. रबर खपल्यांसारखं सुटलं, आतले दोरे हाताला आले. पुढे घाट होता.

आई होडीतून उतरून हात जोडून म्हणाली, "अण्णा, तुमच्यामुळं वाचलो."

अण्णा खवळले. "माज्यामुळं मरत हुता, माय! टायर मीच घातलाय. घरचा म्हनून बघितला न्हाई. नीट बोला."

अण्णा मागच्या वर्षी वारले. त्यांच्याशी मी एकदाच खोटं बोललो, ते त्या रस्त्यावर. चाकं बसवून झाल्यावर त्यांनी विचारलं, "फोन लई येळा केला. उचलला न्हाई?"

"गाडीच्या आवाजात ऐकूच आला नाही, अण्णा."

"व्हय, कसा ऐकू येनार," ते म्हणाले आणि जॅक-पाने गोळा करायला लागले. मोबाईल माझ्या वरच्या खिशात होता. अण्णांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही.