मनगटावरचा जुना व्रण

सोयाबीनच्या दिवसांत बायकोचा उजवा हात मळणीयंत्राच्या पट्ट्यात सापडला. बोटं वाचली, पण हाताच्या पाठीवरचं कातडं निघून आतल्या पांढऱ्या दोऱ्या दिसायला लागल्या. केदारखेड्याहून तडक जालन्याला नेलं. तिथल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "याच हाताचं, कोपराखालचं कातडं रक्तवाहिनीसकट सोडवून इकडं वळवू."

मला ते गोधडीला ठिगळ लावण्याइतकं सोपं वाटलं.

मग त्यांनी मनगट दाबून बघितलं. मनगटात मोठ्या वाहिन्या दोन. अंगठ्याकडची कातड्यासोबत वळवली की पंजा करंगळीकडचीवर जगतो, असं त्या सांगत होत्या. तेवढ्यात करंगळीच्या बाजूच्या जुन्या व्रणावर त्यांचं बोट थांबलं.

"हे काय?"

"ओट्यावरून पडले व्हते. बांगडी फुटली," बायको म्हणाली.

"रक्त फार गेलं होतं?"

"न्हाई. थोडंच."

ती पडली नव्हती. लग्नानंतरची पहिलीच वर्षं. भांडण झालं, ती माहेरी निघाली, आणि मी मनगट धरून ओढलं. काच आत गेली. भोकरदनच्या डॉक्टरनं नस बांधून टाके घातले. 'पडली' हे सगळ्यांना आधी मीच सांगितलं. मग तीही तेच सांगत राहिली. तिच्या वडिलांनासुद्धा.

आत्ता गप्प बसलो तर तिचा पंजाच जाईल, एवढं मला कळलं.

"मॅडम, ती पडली न्हाई. मी ओढलं व्हतं. रक्ताची चिळकांडी उडाली, नस बांधावी लागली."

डॉक्टरबाईंनी माझ्याकडं बघितलंच नाही. "बरं झालं सांगितलंत," म्हणाल्या आणि सोनोग्राफी करायला लावली. करंगळीकडची वाहिनी बंदच निघाली. मग अंगठ्याकडचीला हात न लावता त्यांनी कोपराखालचंच, पण मागच्या बाजूचं कातडं एका बारीक वाहिनीवर वळवून बसवलं.

आत नेताना बायको म्हणाली, "बोलता येतं म्हणायचं तुम्हाला!"

आता त्याच हातानं ती भाकरी थापते. ठिगळ जरा फुगीर आहे, त्यावर बारीक लव आहे. शेजारणी विचारतात, "मागचंच कातडं काहून घेतलं गं?" ती माझ्या ओढण्यापासून सगळं सांगते. परवा एकीनं माझ्याकडं बघत आवाज बारीक केला, तर म्हणाली, "हळू कशाला? त्यांनीच सांगितलंय डॉक्टरला."

मी तिथंच शेंगा सोलत असतो. मान खाली जाते, पण उठून जात नाही. खरं सांगायचं तर बरं वाटतं.